सहा हजार दोनशे सतरा पुस्तकांचा एकच वाचक

मामा : सर, स्मरणपत्र छापून आलंय. तुमच्या नावाचं.

ग्रंथपाल : माझंच असतं मामा. बत्तीस वर्षं खाली माझीच सही असते.

मामा : खाली आहेच. पण वरही तुमचंच नाव आहे. ज्यानं पुस्तकं दिली नाहीत, त्याच्या जागी.

ग्रंथपाल : आणा इकडे. ‘आपणांस कळविण्यात येते की, आपण या ग्रंथालयाची सोबतच्या यादीतील पुस्तके मुदतीत परत केलेली नाहीत. वाचनाची आवड असणे आणि पुस्तक दडपून बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची नोंद घ्यावी.’ वा. काय खणखणीत वाक्य आहे. माझंच आहे. आणि सोबतची यादी?

मामा : ती अजून छापतेय. प्रिंटरमधला कागद संपला, दुसरा गठ्ठा लावून आलो.

ग्रंथपाल : बाई! जरा इकडे या. तुमच्या नव्या कॉम्प्युटरला माझा राग आलाय.

साहाय्यक : बघू. सर, तुमच्या नावावर सहा हजार दोनशे सतरा पुस्तकं आहेत.

ग्रंथपाल : आपल्या ग्रंथालयात एकूण किती आहेत?

साहाय्यक : सहा हजार दोनशे अठरा.

ग्रंथपाल : एक सोडलं म्हणजे मी. तेवढी माणुसकी आहे माझ्यात.

साहाय्यक : आणि नेल्याची तारीख साठ वर्षांपूर्वीची आहे.

ग्रंथपाल : दाखवा. ही माझी जन्मतारीख.

मामा : म्हणजे जन्मल्या जन्मल्याच तुम्ही...

ग्रंथपाल : मामा, तुम्ही कागद बघा.

साहाय्यक : सर, सोमवारी ते हातातलं मशीन तुम्ही चालू केलंत. त्यानं काय काय विचारलं आणि तुम्ही काय काय दाबलंत, तसंच्या तसं सांगा.

ग्रंथपाल : बटण दाबलं. दिवा लागला. पडद्यावर आलं, ‘तारीख?’ मी म्हटलं, नवा जीव आहे, ओळख करून घेतोय. जन्मतारीख दिली.

साहाय्यक : ते आजची तारीख विचारत होतं.

ग्रंथपाल : आजची तारीख त्याला माहीत नसेल, असं मला वाटलंच नाही. एवढं महागाचं यंत्र! आणि हरकतही घेतली नाही हो. ‘ठीक’ म्हणालं. त्याला काहीही सांगा, ते ‘ठीक’ म्हणतं. घरी अशी सवय नाही मला.

साहाय्यक : मग?

ग्रंथपाल : मग तीन ओळी आल्या. एक, देणे. दोन, परत घेणे. तीन, साठा तपासणी. मी एक दाबलं.

साहाय्यक : आपल्याला साठा तपासायचा होता.

ग्रंथपाल : कामाची सुरुवात एकपासून करतात, असा माझा समज. मग म्हणालं, ‘सभासदाचं कार्ड वाचा.’ मनात म्हटलं, शिस्तीचं दिसतंय, आधी ओळखपत्र बघतंय. माझं कार्ड समोर धरलं. त्यानंतर तीन दिवस एकेका पुस्तकाच्या पट्टीवर लाल उजेड पाडत फिरलो. दर वेळी ‘टुक’ करायचं. मला वाटायचं, शाबासकी देतंय.

साहाय्यक : दर ‘टुक’ला एक पुस्तक तुमच्या नावावर जात होतं. आणि आज सकाळी मशीन खोबणीत ठेवलंत, तेव्हा ते सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरलं. सर, मशीनबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती. ती वाचली नाहीत?

ग्रंथपाल : तिची नोंद केली. शिक्का मारला, पट्टी चिकटवली, क्रमांक दिला आणि तंत्रज्ञानाच्या कपाटात लावली.

साहाय्यक : वाचली नाहीत.

ग्रंथपाल : ग्रंथपाल वाचत बसला तर पुस्तकं लावणार कोण? आता तीही माझ्याच नावावर असेल म्हणा.

मामा : आहे सर. यादीतलं शेवटचं नाव तेच आहे.

साहाय्यक : शनिवारी तुम्ही निवृत्त होताय.

ग्रंथपाल : बाराला कार्यमुक्तीचं पत्र, साडेबाराला निरोपाची भाषणं. प्राचार्य मला ‘चालतंबोलतं ग्रंथालय’ म्हणणार आहेत. हे असं शब्दशः खरं होईल, असं त्यांना वाटलं नसेल.

साहाय्यक : कार्यमुक्तीच्या पत्राला ग्रंथालयाचा ना-हरकत दाखला लागतो. नावावर एकही पुस्तक नाही, असा.

ग्रंथपाल : लागतो. नियम मीच केलाय.

साहाय्यक : त्यावर सही सूत्रं घेणाऱ्या माणसाची. म्हणजे माझी.

ग्रंथपाल : मग करा की. तुम्हाला तर माहीत आहे, काय झालंय ते. हे काही मी घरी नेलेलं नाही.

साहाय्यक : एकही पुस्तक नावावर असेल तर सही करायची नाही, कारण ऐकायचं नाही, रडणाऱ्याकडे बघायचं नाही. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत.

ग्रंथपाल : शिकवलं खरं. एवढं चांगलं शिकवायला नको होतं. बरं, मग कंपनीला फोन करा. सगळं एका झटक्यात पुसून टाका म्हणावं.

साहाय्यक : केला. ते म्हणाले, केलेली नोंद खोडायची सोय या व्यवस्थेत नको, असं तुमच्याच सरांनी आम्हाला लेखी कळवलंय. ठळक अक्षरात, दोनदा.

ग्रंथपाल : तिसऱ्यांदाही कळवणार होतो. राहून गेलं.

साहाय्यक : एकच मार्ग आहे. दोन नंबर, परत घेणे. एकेक पुस्तक परत करायचं. आज दुपार, उद्याचा दिवस, शनिवारची सकाळ. तिघांनी लागलो तर होईल. मामा पुस्तक काढून उघडतील, तुम्ही वाचा, मी लावून ठेवते.

ग्रंथपाल : आणि ते एक? जे माझ्या नावावर आलंच नाही?

साहाय्यक : कॉम्प्युटरनं नाकारलंय. ‘आधीच दुसऱ्या सभासदाच्या नावावर आहे,’ असं म्हणतोय. जुन्या वहीतून उतरवलेली नोंद आहे.

ग्रंथपाल : एक तरी स्वाभिमानी निघालं. क्रमांक काय?

साहाय्यक : चव्वेचाळीसशे सतरा.

ग्रंथपाल : म्हणजे बाहेर गेलेलं पुस्तक आतच आहे. कुणाच्या नावावर आहे ते?

साहाय्यक : हाती आल्यावर बघू. मशीन धरा सर. आधी तारीख. मेन्यू, चार. आजची घाला. आजची म्हणजे आजची.

ग्रंथपाल : घातली. ‘ठीक’ म्हणालं.

साहाय्यक : आता दोन दाबा. तुमची यादी मशीनमध्ये भरलीय, त्याबाहेरचं काही ते घेणार नाही. एवढं जवळ धरू नका, पुस्तक काही कानात सांगणार नाहीये तुम्हाला. वीतभर अंतर ठेवा. लाल रेघ पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आली पाहिजे. आता खालचा घोडा दाबा.

ग्रंथपाल : टुक. बत्तीस वर्षांत मी पहिल्यांदाच पुस्तक परत केलं, बाई. हलकं वाटतं.

साहाय्यक : अजून सहा हजार दोनशे सोळा वेळा वाटेल.

(शनिवार, सकाळचे साडेदहा. सगळी कपाटं झाली आहेत. ग्रंथपालांच्या टेबलामागचं काचेचं कपाट तेवढं उरलं आहे.)

ग्रंथपाल : मामा, जपून. या कपाटाची किल्ली मी कुणाला दिलेली नाही. फार चांगली चाळीस पुस्तकं आहेत ही.

मामा : कशावरची आहेत, सर?

ग्रंथपाल : ते नाही सांगता येणार. पण सगळी एका उंचीची आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार होती, तेव्हा ग्रंथालयात नजर ठरेल असं काहीतरी हवं म्हणून मी एका मापाची चाळीस निवडली. हिरव्या कापडात बांधून घेतली, पाठीवर नाव नको, फक्त सोनेरी रेघ. समितीचा अध्यक्ष दारातच थबकला. ते बघा प्रशस्तिपत्र, भिंतीवर. ‘नेत्रसुखद मांडणी.’

मामा : मग पुस्तक मागायला कुणी आलं तर ओळखायचं कसं?

ग्रंथपाल : एकोणीस वर्षांत आलं का कुणी?

मामा : किल्ली तुमच्याकडे म्हटल्यावर कोण येणार? सुट्टीत पट्ट्या चिकटवणाऱ्या पोरींना तेवढं तुम्ही उघडून दिलंत. ते पण समोर उभं राहून.

ग्रंथपाल : उभा होतो, पण बघत होतो त्यांच्या हातांना लागलेल्या डिंकाकडे. पुस्तकांकडे नाही. द्या पुढचं. टुक. टुक. किती राहिली, बाई?

साहाय्यक : तुमच्या नावावर अकरा.

ग्रंथपाल : टुक. टुक. आता हे काय? ‘टूंऽऽ’ म्हणालं. घोडा अडकला का? पुन्हा. टूंऽऽ.

साहाय्यक : लांब आवाज म्हणजे नाकारलं. ते तुमच्या नावावर नाही. मामा, क्रमांक वाचा.

मामा : चार, चार, एक, सात.

साहाय्यक : पहिलं पान उघडा.

मामा : ‘वनस्पतींची अंतर्रचना.’

ग्रंथपाल : माझ्या टेबलापासून तीन पावलांवर! आणि मी काचेवरची धूळ रोज पुसतोय. वाचा, कुणाच्या नावावर आहे. त्या बिचाऱ्याला मी किती स्मरणपत्रं धाडली असतील कोण जाणे.

साहाय्यक : चार.

ग्रंथपाल : काय चार?

साहाय्यक : चार पत्रं. वाचनाची आवड असणे आणि पुस्तक दडपून बसणे. वडील प्रत्येक वेळी मोठ्यानं वाचायचे. पहिल्यांदा ते माझ्या बाजूनं होते. चौथ्या वेळी त्यांनी माझं कपाट उघडून बघितलं.

ग्रंथपाल : बाई.

साहाय्यक : मी इथलीच विद्यार्थिनी, सर. मुलाखतीत सांगितलं होतं, तुमच्या लक्षात नसेल.

ग्रंथपाल : मला पुस्तकं लक्षात राहतात, माणसं नाही, असं मी अभिमानानं सांगत आलो. आता दिसतंय की पुस्तकंही नाहीत.

साहाय्यक : मी पुस्तक परत द्यायला आले, तेव्हा तुम्ही शिडीवर होतात. हातात मोजपट्टी होती, खाली बांधणारा हिरवं कापड कापत बसला होता. मान न वळवता म्हणालात, ‘ठेवा तिथं.’ मी बांधायच्या गठ्ठ्यावर ठेवलं. वहीत नोंद करायची राहिली. पुढे दाखला मागायला आले, तर नावावर पुस्तक. मी म्हटलं, दिलंय. तुम्ही म्हणालात, वही खोटं बोलत नाही.

ग्रंथपाल : हे वाक्य माझंच.

साहाय्यक : नवं विकत आणून दे म्हणालात. मी नाही म्हटलं. जे दिलं ते पुन्हा कशाला देऊ? तेवढ्यात दुसरीकडच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रवेशाची मुदत गेली. पुढच्या वर्षी नव्या प्राचार्यांनी वहीकडे न बघता दाखला दिला. पण तोवर मी ग्रंथालयशास्त्राला गेले होते. म्हटलं, बघू तरी नोंद कशी करतात.

ग्रंथपाल : सहा वर्षं माझ्यासमोर बसलात. एकदाही बोलला नाहीत.

साहाय्यक : नोकरी हवी होती. आणि बोलून काय? वही होती ना तुमच्याकडे.

मामा : मी जरा हॉलमधल्या खुर्च्या बघून येतो.

ग्रंथपाल : थांबा मामा, पळू नका. उरलेली नऊ आधी होऊ द्या. टुक. द्या. टुक... संपली. बाई, माझ्या नावावर?

साहाय्यक : शून्य. कागद द्या, सही करते.

ग्रंथपाल : नाही. नियम सात, पोटनियम दोन. ज्याच्या स्वतःच्या नावावर मुदत संपलेलं पुस्तक आहे, त्याला दुसऱ्याच्या दाखल्यावर सही करता येत नाही.

साहाय्यक : मग परत घ्या ते. दोन नंबर, टुक, झालं.

ग्रंथपाल : झालं कसं? आजची तारीख पडेल. एकोणीस वर्षं उशीर, असं कायमचं लिहिलं जाईल. खोडायची सोय नाही. कुणामुळे नाही, ते आता पुन्हा नको. मेन्यू, चार ना? तारीख सांगा.

साहाय्यक : सर, मागची तारीख? साक्षात प्राचार्यांनाही घालू दिली नाहीत तुम्ही कधी.

ग्रंथपाल : खोटी नाही दिली घालू. ही खरी आहे. सांगा.

साहाय्यक : सोळा जून. मुदत अठराला संपत होती.

ग्रंथपाल : पुरावा?

साहाय्यक : पुरावा मागताय?

ग्रंथपाल : सवय हो. थांबा. समिती सतराला आली, भिंतीवर लिहिलंय. शिडीवर मी आदल्या दिवशी होतो. म्हणजे एकोणीस वर्षं मी तुमची पोच चौकटीत घालून माझ्या डोक्यावर टांगून ठेवली होती. सोळा... सहा... साल... ‘ठीक’ म्हणालं. या यंत्राचा हा गुण मला आधी कळला नाही. ते माणसाचं ऐकून घेतं. तुमचं कार्ड?

साहाय्यक : परत घ्यायला कार्ड लागत नाही. तुमची यादी संपली, आता ते कुणाचंही घेईल. दोन दाबा.

ग्रंथपाल : दोन. वीतभर अंतर. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. टुक. आता खोबणीत ठेवतो. काय उतरलं, वाचा.

साहाय्यक : ‘परत. उशीर शून्य दिवस.’

ग्रंथपाल : पुन्हा वाचा.

साहाय्यक : उशीर शून्य दिवस.

ग्रंथपाल : माझ्या पत्राच्या मसुद्यात, बाई, बारा वाक्यं आहेत. ‘क्षमस्व’ असं एकातही नाही. सोमवारी तुम्ही सूत्रं घ्याल, तेव्हा तेरावं घाला. खाली माझी सही चालेल. चारही पत्रांपुरती.

साहाय्यक : बघते. मशीन द्या इकडे. तारीख आजची केली. आता एक दाबते.

ग्रंथपाल : एक का? एक म्हणजे देणे. ते मला चांगलं ठाऊक आहे.

साहाय्यक : हे माझं कार्ड. आणि हे पुस्तक. परीक्षेपुरतंच वाचलं होतं, शेवटची तीन प्रकरणं राहिली होती.

ग्रंथपाल : पंधरा दिवसांत परत करायचं. आणाल तेव्हा मी इथे नसेन.

साहाय्यक : तेच बरं, सर. कुठे करू सही?