सही कोण करणार

शंतनू : गाडी काढ ना वीणा. थांबलीस कशाला?

वीणा : बासम अजून लायब्ररीत आहे. तुझ्या प्रोग्रॅमच्या खुर्च्या उचलतोय. आणि तू इथे पार्किंगमध्ये येऊन बसलास.

शंतनू : लोकं म्हणाली, मॉडरेट छान केलंस.

वीणा : विषय काय होता तुमचा? पॅलेस्टाईनचे अध्यक्ष पायउतार झाले तर तिथल्या कारभाराचं काय होणार. अख्ख्या हॉलमध्ये तिथला एकच माणूस, बासम. त्याचाच माईक बंद केलास.

शंतनू : वेळ संपत आला होता. भाषणाला आलेल्या प्रोफेसरांची फ्लाइट होती.

वीणा : त्याच्यानंतर तीन प्रश्न घेतलेस. त्यातला एक तर आपल्याकडच्या इलेक्शनवर होता!

शंतनू : अगं, त्याचा प्रश्न पर्सनल होता यार.

वीणा : काय होता? सांग मला.

शंतनू : आईबद्दल.

वीणा : नीट सांग.

शंतनू : आई नाब्लुसला असते. कॅन्सर आहे. रेडिएशनला जेरुसलेमच्या हॉस्पिटलात जायचं तर रामल्लाच्या सरकारी ऑफिसातून कागद लागतो. तो म्हणाला, निवडणूक कित्येक वर्षांत झालेली नाही, संसद बरखास्त आहे. उद्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि खुर्चीवरून मारामाऱ्या लागल्या, ऑफिसं बंद पडली, तर आईच्या कागदावर सही कोण करणार?

वीणा : आणि तू काय म्हणालास?

शंतनू : वीणा, प्लीज.

वीणा : ‘हा तुमचा वैयक्तिक प्रश्न आहे, आपण इथे कारभारावर बोलतोय.’ शंतनू, कारभार म्हणजे आणखी काय असतं रे?

शंतनू : रेकॉर्डिंग चालू होतं.

वीणा : मग?

शंतनू : तो पुढे इस्रायली नाक्यांवर बोलायला लागला, तिथल्या सैनिकांवर. खाली स्क्रीनवर माझं नाव. पुढच्या महिन्यात ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू. मला एकदम तो ऑफिसरच दिसायला लागला, आपला व्हिडिओ बघत बसलेला. हात कधी बटणावर गेला, कळलं नाही. खरं तर कळलं. कळलं मला.

वीणा : तो स्वतःहून आला होता का?

शंतनू : मी बोलावलं होतं. त्याच्या फार्मसीत जाऊन. म्हटलं, तुमच्यासारखं कुणीतरी बोलायलाच हवं.

वीणा : सकाळी मीच तुला म्हणाले ना, जपून रे.

शंतनू : माईक बंद कर असं नव्हतीस म्हणाली.

वीणा : नाही. पण बंद झाला ना, तेव्हा मला हायसं वाटलं. त्यानं हातातल्या माईककडे पाहिलं, वरून टिचकी मारली. बिघडला असेल असं वाटलं त्याला. मग तुझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

शंतनू : येतोय तो. काच खाली कर.

(बासम गाडीपाशी येतो. यापुढचं बोलणं इंग्रजीत.)

बासम : तुमचा चार्जर. टेबलावरच राहिला होता.

शंतनू : बासम, मी चुकलो. वेळ होता.

बासम : हो.

वीणा : आई कशा आहेत?

बासम : चौदा तारखेला पुढचं रेडिएशन आहे. रोज विचारते, तो माणूस अजून खुर्चीवर आहे ना? सगळा जन्म त्याला शिव्या दिल्या तिनं. आता त्याच्या तब्येतीसाठी दुआ मागते.

शंतनू : तुमचा प्रश्न मला लिहून द्या. आजच प्रोफेसरांना मेल करतो. माझ्या नावानं.

बासम : नको. तुमचा इंटरव्ह्यू आहे ना?

शंतनू : तुम्हाला कसं...

बासम : फार्मसीत तुम्हीच बोलून गेला होतात. शंतनू, मी इथे आल्यावर अकरा वर्षं तोंड उघडलं नव्हतं. इथल्या लोकांना सांगायचो, मी जॉर्डनचा.

वीणा : मग?

बासम : मग काही नाही. सवय होते.