रंगाचे तीन हात आणि एक टक्

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय मनाला लावून घेतलंत?" अहो, लावून नको घेऊ तर काय करू? तुम्हाला सांगतो, परक्यानं दगा दिला तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो, पण ज्याला सहा महिने पोटच्या पोरासारखं घासलं, पुसलं, रंगवलं, त्या ट्रॅक्टरनं द्यावा? माझ्या वडिलांच्या वयाचा ट्रॅक्टर हो! रंग वाळला, किल्ली फिरवली आणि... टक्. बस्स. पुढे काही नाही. टक्!

त्यात बायकोची अट. "रविवारी बाराच्या आत सेल्फ लागला तर ठेवा, नाहीतर दादा घेऊन जाईल. मला शेडमध्ये शिलाई मशीन टाकायचंय." दादा म्हणजे माझा मेहुणा. त्याचा डोळा पहिल्यापासून ट्रॅक्टरवर! मग काय, लागलो कामाला. बॅटरी चार्ज करून आणली, टक्. किल्लीचा स्विच बदलला, टक्. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर, खोलून काखेत मारून सेल्फवाल्याकडे नेला, तर तो बाकावर गरगर फिरवून दाखवतो, "साहेब, हा तर विमान उडवेल!" घरी आणला, बसवला, देवाचं नाव घेतलं... टक्!

रविवारी मेहुणा पावणेबारालाच हजर, ओढून न्यायला दोरखंड घेऊन! "काय भाऊजी, झालं का काही?" काय ती काळजी! मग म्हणे, ओढत कशाला, चालवतच नेतो. वाकला, बॅटरीची वायर बॉडीला आवळलेली असते ना, तिथला नट सोडला आणि हसला. "भाऊजी, इथंसुद्धा रंग?"

मारला होता! तीन हात! नटाखालीसुद्धा! मी काम अर्धवट करत नाही हो! आता रंगातून करंट जात नाही हे मला कुणी सांगायचं? त्यानं चाकूनं खरवडला, माझा रंग, माझ्या डोळ्यांदेखत, किल्ली फिरवली आणि तो घरभेदी धडधडायला लागला! आठवडाभर माझ्यापुढे मूग गिळून बसलेला! आणि बायको? "दादाच्या हाताला गुणच आहे!"

मी लगेच घड्याळ दाखवलं. बाराला पाच कमी! सेल्फ कुणी लावायचा हे अटीत नव्हतं! जिंकलो ना मी! ट्रॅक्टर राहिला, कागदोपत्री माझाच आहे. मेहुणा दर रविवारी येतो, खिशातून किल्ली काढतो, हो, किल्ली त्याच्याच खिशात असते, आणि गावभर चक्कर मारून येतो.

मी? मी फाटक उघडतो.