झाकरीचे पिवळे रुमाल

नाही सार्जंटभाऊ, ते आधी खोडा — 'टोळीवाला' असं तोंडानं म्हणत काय लिहिता? माझा देवराज गणपतीत झाकरी नाचतो, दरसाल, आणि तुम्ही शमें ग्रेनिए गावचे, या बेटावरच्या आपल्या मराठी माणसांतलेच, तुम्हाला काय सांगायचं — नाचणाऱ्या सगळ्यांच्या गळ्यात एका रंगाचा रुमाल लागतो की नाही? लागतो. यंदा पिवळे केले. मीच शिवले, या हातांनी. काल विसर्जनाहून येताना तुमचे शिपाई रुमाल बघून धावले, बाकीचे पळाले, हा उभा राहिला — ज्यानं काही केलं नाही तो पळेल कशाला? म्हणून हाच सापडला. मला ठाऊक आहे हो, ती पिवळ्या रुमालांची टोळी. आधी तिकडे पोर लुई शहरात थेटरांपुढे मारामाऱ्या, मग पांपलमूसला दुकानं फोडली, आता आमच्या तेर रूजला आली, परवा बाजारात माणूस भोसकला. पण म्हणून गावातला प्रत्येक पिवळा रुमाल त्यांचाच का?

रंग सारखा कसा, म्हणता? अहो, कापडच एक. तेच तर सांगायला आले मी. मार्चमध्ये दोन माणसं तागा घेऊन आली, फुटबॉलचा क्लब आहे म्हणाली, चाळीस रुमाल शिवा. मी शिवले. शिवणारी बाई विचारते का, कशाला म्हणून? नाही विचारत. — बरं, खोटं कशाला बोलू, शंका आली होती मला, एकाच्या गालावर वाराची खूण होती. पण घरात मशीन एक आणि खाणारी तोंडं पाच. वर उरलेलं कापड फेकवेना, एवढं चांगलं पॉपलीन — त्याचेच झाकरीचे केले. तेवढीच माझी अक्कल. तर मला आत घाला. लिहा, भगवती, कपडे शिवणारी. देवराजचा काय संबंध त्यांच्याशी? काही नाही. तो एकदाच गेलेला त्यांच्याकडे, गठ्ठा पोचवायला, मीच धाडला, माझे गुडघे धरले होते — त्यांनी मागच्या दारानं आत घेतलं, बसवलं, चहा पाजला, एकेकाची नावंसुद्धा सांगत होता आल्यावर —

लिहिताय काय? ते लिहायला नाही सांगितलं, ते आपलं बोलण्याच्या ओघात आलं. भाऊ, मला वाचता येत नाही, पण दिसतंय ना — वरचं तुम्ही खोडलंच नाही, त्याच्याच खाली लिहिताय. खोडा हो. माझ्या तोंडाला काही कळत नाही.

उठू म्हणता? बरं. डबा तेवढा द्या त्याला. कालचे मोदक आहेत.