बाळाची टोपी

मलावीतल्या डेड्झा गावच्या दवाखान्यात बाळांच्या वजनाची रांग लागली होती. तियामिके मांडीवरच्या बाळाची टोपी पुन्हा पुन्हा नीट करत होती. नवरा मसाउको सायकल लावायला गेला होता. पुढच्या बाकावर एक बाई आपल्या लग्न झालेल्या लेकीशी हलक्या आवाजात बोलत होती.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"माझ्यात काही दोष नाही, आई. त्यांच्यातच आहे."

"कागद फाड आधी! जावयाला कळलं तर सायकल काढून, आपलं घर सोडून त्याच्या आईकडं चालता होईल."

"मग मूल कुठून आणू?"

"मामानं माणूस बघितलाय. गुपचूप येतो, कोंबडी घेऊन जातो. आपल्यात मूल आईच्याच कुळाचं. बापाचं कोण विचारतंय?"

"त्याची कुणी तपासणी केलीय?"

"सात घरांत पोरं दिलीत त्यानं. आणखी कसली तपासणी?"

"मला भीती वाटते, आई. तोंडवळा त्याच्यावर गेला तर?"

"तोंडवळा नाही जात. डाव्या कानापुढं टाचणीएवढं भोक तेवढं येतं. त्याच्या सगळ्याच पोरांना आहे."

तियामिकेचा हात टोपीवर थिजला. तिनं मागं पाहिलं. मसाउको केव्हा येऊन उभा राहिला होता, कोण जाणे.

"पुढचं बाळ!" नर्स ओरडली. "कपडे काढा. टोपीपण."

तियामिकेनं बाळाचे कपडे काढले, टोपी तशीच ठेवली.

"टोपी राहू द्या, सिस्टर," मसाउको म्हणाला. "गार वारा सोसत नाही त्याला."

त्यानं टोपी डाव्या कानावर नीट ओढली. बायकोकडं मात्र पाहिलं नाही.