खाष्ट सासूच्या शेजारची जागा

मंडळी, आज कीर्तनाला एकच सवाल घेऊन उभा आहे. आपण समोरचं माणूस बघतो, की मनात आधीच धरून ठेवलेलं बघतो? लगेच माना डोलवू नका, आधी ऐका!

पद्माबाई इंगवले कोल्हापूरच्या सिनेमा स्टुडिओत गेल्या नायिका व्हायला. दिग्दर्शकानं बघितलं, म्हणाला, "बाई, तुमचे डोळे धारदार आहेत. तुम्ही सासू करा." वय काय? जेमतेम पंचविशी! केसांना पांढरा रंग फासला — आणि पुढं जन्मभर पडद्यावर सुनांना छळलं. उलथनं तापवलं, उपाशी कोंडलं... त्या मागच्या मावशी बघा, अजून दातओठ खातायत!

आता जरा पडद्यामागं चला. थप्पड मारायचा प्रसंग. हात गालाजवळून नुसता जायचा, आवाज मागाहून भरायचे. तरी पद्माबाई आधी बांगड्या, अंगठी उतरवून ठेवायच्या. समोरच्या नवख्या नटीला म्हणायच्या, "घाबरू नकोस बाळ. माझा अंदाज चुकला, तरी तुला काच लागायला नको." असा तो हात! आणि बाजारात बायका त्या हाताला भाजी द्यायला तयार नव्हत्या.

म्हातारपणी मुलगा-सुनेबरोबर त्या आपल्या गावात राहायला आल्या. सून सुनंदा बारीक झाली, की गाव म्हणणार — "सासू जेवायला घालत नाही." सून अंगानं भरली — "मारून मारून सुजवली!" सांगा, त्या पोरीनं करावं तरी काय?

परवा चैत्राचं हळदीकुंकू. सुनंदानं घरोघर जाऊन बोलावणं केलं. पद्माबाईंनी स्वतः कैऱ्या किसून डाळ केली, पन्हं केलं. दिवे लागले, तरी एक बाई फिरकली नाही. सुनंदा रडायला लागली. पद्माबाईंनी डाळीची वाटी तिच्या हातात दिली.

"माझ्यामुळं येत नाहीत गं. पुढच्या वर्षी त्या दिवशी मी देवळात जाऊन बसेन."

सुनंदानं डोळे पुसले. "मग मीही तिथंच बसते, आई. तुम्हाला बाहेर घालवून मला हळदीकुंकू नको."

मंडळी, छळलेली सून बोलली ही! तिनंच मला सांगितलं.

आता माना वळवा. त्या खांबापाशी बसल्यात पद्माबाई, उजवीकडं सुनंदा. इकडं तुम्ही मांडीला मांडी लावून दाटीनं बसलायत — आणि त्यांच्या डावीकडं चार जणींची सतरंजी मोकळी! आरतीचं तबक तयार आहे, देवही वाट बघतोय. पण ती जागा भरल्याशिवाय मी ज्योत लावणार नाही.

बोला, कोण उठतंय?