चमकीची बाटली

सून : हलू नका ना, आई. अर्धा ओठ झालाय, अर्धा राहिलाय. अशानं उद्या ऑपरेशनला अर्ध्याच रंगून जाल.

सासूबाई : ऑपरेशनला लिपस्टिक चालत नाही. ओठ निळे पडतायत का ते बघावं लागतं त्यांना. आणि मी तुला नेलपॉलिश आणायला सांगितलं होतं. एक बाटली. तू अख्खं दुकान उचलून आणलंस.

सून : तुमच्या गोळ्या घ्यायला मेडिकलमध्ये गेले, तर काउंटरच्या बाजूला त्यानं नवीन फळी लावलीय. सगळं स्वस्तातलं. म्हटलं, सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा नट्टापट्टा मागितलाय, हात आखडता कशाला घ्या. ओठ दाबा. असे. आता सोडा.

सासूबाई : झालं?

सून : झालं. हा घ्या आरसा.

सासूबाई : अगं बाई. हा कुठला रंग म्हणायचा?

सून : कांडीवर तर गुलाबी लिहिलंय.

सासूबाई : भाजलेली वीट आहे ही. आणि तोंडाला काय थापलंस? मान एका बाईची आणि चेहरा दुसरीचा.

सून : फाउंडेशन आहे ते. दुकानातल्या दिव्याखाली अगदी तुमचाच रंग वाटला हो. इथं खिडकीत बसल्यावर कळतंय.

सासूबाई : पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसतेय मी. कापूस दे.

सून : एवढ्यात पुसू नका, डोळे राहिलेत अजून. वर बघा. पापणी मिटू नका. घाबरायचं नाही, काही दुखणार नाही.

सासूबाई : हे वाक्य माझं आहे. मलाच ऐकवू नकोस.

सून : मग घाबरलाय म्हणून कबूल करा.

सासूबाई : कोण घाबरलंय? पोटात गाठ आहे, ती काढायची आणि तपासायला पाठवायची. डॉक्टर म्हणाले, साधीच दिसतेय. अशा गाठी ट्रेमध्ये ठेवून ठेवून माझे केस पिकले. नोकरी सगळी ऑपरेशन थिएटरात गेली, आता मला कसली भीती?

सून : सकाळपासून तोच कप विसळताय.

सासूबाई : कप घाण होता.

सून : बरं बाई. कप घाण होता. झालं, आता बघा. काजळाला तरी नाव ठेवू नका.

सासूबाई : ...नाही ठेवत. डोळे बरे दिसतात माझे.

सून : बरे काय, छान दिसतात.

सासूबाई : इतकी वर्षं मास्कच्या वर लोकांना नुसते डोळेच तर दिसत होते माझे. एकानं तरी सांगायचं, बाई, जरा काजळ घाल.

सून : तुम्हाला सांगायची कुणाची छाती झाली असती?

सासूबाई : तेही खरंच. बरं, तुझा खेळ झाला ना? आता बाटल्या काढ. हा लाल. हा मातकट, हा नको. आणि ही चमकीची कुणी आणली?

सून : मीच. चिऊला चमकी आवडते. शाळेतून आली की आजीची नखं बघून नाचेल, म्हणून.

सासूबाई : चमकी म्हणजे नर्सच्या जिवाला घोर. लाल रंग कापसाच्या एका बोळ्यात निघतो. महागातली चमकीसुद्धा निघते कशीबशी. ही स्वस्तातली चिकट असते, एकेक कण उकरून काढावा लागतो. तिकडं सर्जन घड्याळ बघतोय आणि आम्ही इकडं बाईचं बोट धरून बसलोय. चमकीवाली बाई आली की आमच्या पोरी एकमेकींवर ढकलायच्या. शेवटी मीच बसायचे.

सून : मग लालच लावू. पण आई, उद्या सकाळी पुसायचंच आहे, तर आज लावायचं कशाला? मघापासून विचारतेय, तुम्ही कानामागं टाकताय.

सासूबाई : बोलू नकोस. लाव.

सून : अहो, हात तरी सैल सोडा. इंजेक्शन देत नाहीये मी. ब्रशही बघा ना कसला, चार केस इकडं, चार तिकडं. जाऊ दे, चालवून घेऊ. फू...

सासूबाई : फुंकू नकोस. तोंडातले जंतू सगळे माझ्या बोटांवर.

सून : वाळायला नको?

सासूबाई : वाळेल आपोआप. पुढं चल.

सून : चालले असते, पण हे बोट काही हाताला लागत नाहीये.

सासूबाई : कुठलं?

सून : हे, अंगठ्याशेजारचं. मी ब्रश नेला की आत पळतंय. गोगलगायीसारखं.

सासूबाई : सवय लागलीय त्याला. त्या बोटाला मशीनचा चिमटा लावतात. रक्तात प्राणवायू किती, ते त्यावरून कळतं. नखावर रंग असला की मशीन चुकीचं दाखवू शकतं. म्हणून येणाऱ्या बायकांना मी सांगायचे, रंगवायचीच असतील तर खुशाल रंगवा, पण हे एक बोट मोकळं सोडा.

सून : मग सोडते मोकळं.

सासूबाई : नाही. ते आधी रंगव.

सून : अहो, आत्ताच तर म्हणालात...

सासूबाई : एक जरी नख मोकळं दिसलं ना, तर त्या नव्या पोरी तिथं चिमटा लावतील आणि पुढच्या कामाला पळतील. बाकीची पुसत कोण बसतंय? घाई असते गं त्यांना. मला एकही नख मोकळं नकोय. धर ते बोट घट्ट, नाहीतर परत पळेल.

सून : धरलंय. पण मला काही कळेनासं झालंय, आई. पुसायला लागू नये म्हणून लोक धडपडतात, आणि तुम्ही...

सासूबाई : दाराच्या आत गेल्यावर कसं असतं, आठवतंय तुला?

सून : न आठवायला काय झालं? थंडी. आणि वर तो एवढा मोठा दिवा. सगळे तोंड बांधलेले, कोण कुठला कळत नाही.

सासूबाई : वाईट कुणीच नसतं. ज्याला त्याला काम असतं. कुणी हत्यारं मोजतं, कुणी दिवा फिरवतं, कुणी फोनवर रक्ताच्या पिशवीची चौकशी करतं. मधे बाई एकटी पडलेली. तिच्या माणसांना दाराच्या आत सोडत नाहीत. मीच किती जणांना बाहेर काढलंय, एक नवरा तर माझा हात धरून रडला होता. पण बाईच्या नखांना रंग असला ना, की कुणालातरी स्टूल ओढून तिच्याजवळ बसावं लागतं. तिचा हात हातात घ्यावा लागतो. पुसता पुसता आपण काहीतरी बोलतो, तीही बोलते. हात गार असतो तो जरा ऊन होतो. मी तर मुद्दाम सावकाश पुसायचे. मनात असायचं, सगळ्यांशीच असं बसावं. पण कोऱ्या नखांची बाई आली की निमित्तच मिळायचं नाही. चिमटा लावला की झालं. आणि माझी नखं तर जन्मभर कोरीच. नोकरीत चालायचं नाही, आणि पुढं सवयच राहिली नाही. म्हणून म्हटलं, उद्या कुणाला तरी निमित्त असू दे.

सून : आई.

सासूबाई : रडायचं काम नाही. बघ, हात हलतोय तुझा, सगळं कडेला सांडतंय.

सून : हो. माझाच हलतोय.

सासूबाई : मग नीट धर.

सून : धरलाय. आई, चिऊच्या वेळी मला अचानक ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा तुम्ही आलात. ड्यूटी नव्हती तुमची.

सासूबाई : चप्पल घालायचंही सुचलं नव्हतं मला. घरातल्या सपातांवर आले होते.

सून : तोवर आपलं बोलणं ते काय होतं? दूध आलं का, किल्ली कुठं ठेवली. एवढंच. तुम्हाला बघितलं आणि वाटलं, झालं, आता रंगवलेल्या नखांवरून बोलणी खावी लागणार. आणि तुम्ही स्टूल ओढलंत, माझा हात घेतलात आणि म्हणालात, "रंग छान आहे. कुणी लावला?"

सासूबाई : ते मी सगळ्यांनाच विचारायचे.

सून : पण तुम्हाला माहीत होतं की. आदल्याच दिवशी त्याच्या वासावरून तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतं.

सासूबाई : माहीत असलं तरी विचारायचं असतं. कुणी लावला म्हटलं की बाईला आपलं माणूस आठवतं. बहिणीनं, मुलीनं, मैत्रिणीनं. त्या माणसाबद्दल बोलायला लागली की तिची मूठ सुटते. तू म्हणालीस, "मीच."

सून : आणि भोकाड पसरलं.

सासूबाई : पसरलंस खरं. मग मला उठता कुठं येतंय.

सून : नखं पुसून झाली, तरी तुम्ही हात सोडला नाहीत. मला गुंगी येईपर्यंत. शेवटचं काय आठवतं, तर तुमचा अंगठा माझ्या तळहातावर फिरत होता. हे मला कधीपासून बोलायचं होतं. तुम्ही होतात म्हणून मी त्या टेबलावर पडून राहिले, नाहीतर उठून पळाले असते. फार उपकार आहेत तुमचे माझ्यावर.

सासूबाई : उपकार बिपकार काय काढलंस? त्या दिवसापासून मला या घरात बोलायला माणूस मिळालं. तुझा नवरा म्हणजे पोटचा मुलगा असून हं आणि बरं याच्या पुढं जात नाही. माझी मीच भिंतींशी बोलायचे. त्यामुळे फिटंफाट झाली म्हण.

सून : असं कसं? मला चिऊ मिळाली, तुम्हाला नुसती माझी बडबड.

सासूबाई : बडबडीचीच सवय लागलीय मला. म्हणून तर म्हणते, उद्या आत तेवढीच नसणार.

सून : मी दाराला चिकटून उभी राहते. बाहेर काढलं तरी हलणार नाही.

सासूबाई : माहीत आहे मला. त्या पोरींना त्रास देऊ नकोस पण.

सून : नाही देत. हा एक हात झाला बघा. आता दुसरा द्या.

सासूबाई : थांब. हा लाल पुसून टाक.

सून : का? सांडलंय म्हणून? कडा मी नीट करते की.

सासूबाई : कडा राहू दे. लाल एका बोळ्यात निघतो. ती चमकीची बाटली दे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेशन थिएटरच्या आत.)

नर्स : मॅडम, मी आहे. मास्कमुळं ओळखलं नसेल तुम्ही.

सासूबाई : बारके, तुला मी झोपेतसुद्धा ओळखीन. काम मीच शिकवलंय तुला. टोपी नीट घाल, केस बाहेर आलेत.

नर्स : हो, मॅडम. घातली. घरचे आलेत ना?

सासूबाई : मुलगा आहे, सून आहे. सून दाराला चिकटली असेल.

नर्स : चिकटलीय. मी आत येताना मला सांगत होती, त्यांना थंडी वाजते, पायावर पांघरूण घाला. घातलंय. आता हात द्या, चिमटा लावून घेते. मॅडम, हे काय?

सासूबाई : काय झालं?

नर्स : नखं. सगळीच्या सगळी. आणि चमकी. मॅडम, तुम्ही?

सासूबाई : निघेल ना?

नर्स : निघेल हो, पण वेळ लागेल. एक बोट मोकळं ठेवलं असतंत तरी भागलं असतं. पेशंटना तुम्हीच तर सांगायचात.

सासूबाई : माहीत आहे मला.

नर्स : माहीत आहे, तर मग...

सासूबाई : घाई असेल तर एकच पूस. चालेल मला.

नर्स : ...नाही, मॅडम. थांबा, स्टूल घेते. डॉक्टर, जरा थांबावं लागेल. चमकी आहे. नाही डॉक्टर, एकानं नाही भागायचं. सगळी काढते.

सासूबाई : कापूस फार भिजवू नकोस.

नर्स : लक्षात आहे. दाबून धरायचा, मग ओढायचा. हात किती गार पडलाय तुमचा. द्या इकडं, असा माझ्या मांडीवर ठेवा. रंग छान आहे, मॅडम. कुणी लावला?

सासूबाई : माझ्या सुनेनं.

नर्स : हौशी दिसते. पण कडेला किती सांडलंय. हात हलतो का तिचा?

सासूबाई : तिचा नाही. तिचा हात चांगला आहे. माझाच हलत होता, ती बोलली नाही.

नर्स : अजून हलतोय.

सासूबाई : हो.

नर्स : हलू द्या, मॅडम. मी धरलाय.