हज्जा नबवियाने पेरू मागवला

...आणि वर म्हणाली, हात सोडायचा नाही! बायकोचा हात हो, दुसऱ्या कुणाचा धरणार मी! मला सांगा, कुठल्या नवऱ्याने बायकोचे दोन्ही हात धरून अख्खा वसंत काढलाय? कवींनी काढला असेल, पण त्यांच्या बायका 'सोड मेल्या, नाकाला खाज सुटलीय' असं किंचाळत नसतील! मी काढलाय. मी, तल्अत, कैरोजवळच्या तूख गावचा, पेरूच्या धंद्यातला शहाणासुरता माणूस. आणि हुकूम कुणाचा? सासूबाईंचा, हज करून आलेल्या हज्जा नबवियाचा! तुम्हाला सांगतो, आठवलं की अजून डोकं तापतं... पण बाईला मानलं पाहिजे!

सासरे गेले तेव्हा हज्जाचे दीर-जावा सगळे म्हणाले, 'पेरूची बाग विकून टाक गं, बाईमाणसाचं काम आहे का हे?' हिने बाग विकली नाहीच, वर शेजारी पॅकिंगची शेड टाकली! हिरवा कडक पेरू जाळी घालून, पेटीत निजवून, थंड ट्रकमधून बंदरावर, तिथून कुवेत. आणि जो झाडावरच पिकला, त्याला काय टाकून द्यायचं? सोला, बिया काढा, फोडी करा, गोठवा... तोही कुवेत! तिथला व्यापारी अबू जासिम. त्याला दर मोसमात फोनवर एकच सुनावणं, 'काय हो, परदेशी पेट्याही ठेवता म्हणे दुकानात? ठेवा, ठेवा! आमच्या पेरूची किंमत कळायला शेजारी पुठ्ठा लागतोच!' तो बिचारा 'हो हज्जा, हो हज्जा' करत ऐकून घ्यायचा. दुसऱ्या देशाचा पेरू म्हणजे पुठ्ठा, हे तिने इतक्यांदा म्हटलंय की गावातली पोरंसुद्धा तेच म्हणतात.

तर झालं काय, किती वर्षं वाट पाहून आमच्या इन्साफला, म्हणजे माझ्या बायकोला, दिवस गेले. घरात आनंदीआनंद! आणि डोहाळे कसले लागले? पेरूचे! कधी? मोसम संपल्यावर! बागेत पानं आहेत, फांद्या आहेत, पेरू औषधालाही नाही. मी पळत जाऊन कोल्ड स्टोरेजमधून गोठवलेल्या फोडी आणल्या. तिने पिशवीत नाक खुपसलं. 'याला वास कुठाय? मला वासाचा हवा. खोलीत ठेवला की जिन्यापर्यंत कळतो ना, तसला.' आता गोठलेल्या पेरूला वास कुठून आणू? फुंकू का मी?

आणि आमच्याकडे डोहाळे म्हणजे थट्टा नाही हो! ते पुरवले नाहीत, आणि बाईने तेवढ्यात अंगाला जिथे हात लावला, तिथेच बाळाला त्या फळाचा डाग उठतो. शेजारच्या उम्म शौकीचा मुलगा शौकी बघा ना! कपाळावर हे एवढं अंजीर. शाळेत हेडमास्तर झाला, तरी पोरं म्हणतात अंजीरमास्तर. तीच उम्म शौकी येऊन बसली आणि गळा काढला, 'माझ्यासारखं करू नकोस गं! मुलगी झाली आणि गालावर पेरू उठला, तर जन्मभर तोंडावर पदर घेऊन फिरेल बिचारी!' झालं! इन्साफचा चेहरा पांढराफटक. हज्जाने माझ्याकडे बघितलं. 'तल्अत, हात धर.'

धरले! काय करता? जेवताना मी भरवायचं, माशी बसली की मी हाकलायची, नाक मी पुसायचं. झोपली की तिच्या हातांत माझे लोकरीचे मोजे, आणि मी राखणीला. दिवसा जरा कुठे सुटका मिळाली की कैरोच्या मंडया पालथ्या घालायच्या. 'पेरू आहे का?' 'कुठले तुम्ही?' 'तूखचा.' 'मग आम्हाला काय विचारता?' प्रत्येक ठिकाणी हेच! एक दिवस इन्साफ रडायलाच लागली. 'आई, पेरूच्या बागेत वाढले गं मी. एक पेरू नाही मिळत मला?' हज्जा चहा अर्धा टाकून उठली आणि सरळ फोनकडे. मी म्हटलं, 'हज्जा, कुणाला?' तर म्हणते, 'पुठ्ठेवाल्याला.'

आणि बाईने केला हो फोन! 'अबू जासिम, मला पेरू पाठवा.' पलीकडे खो खो हसू, फोन कानापासून लांब धरावा लागला इतकं! 'हज्जा, तुम्हाला? पेरू? मी? अहो इथे सध्या हिंदुस्तानचा आहे, चालेल का पुठ्ठा?' दुसरा कुणी असता तर फोन आपटला असता. मी तर आपटलाच असता! ही शांतपणे म्हणते, 'हसून झालं? मग वासाचा बघून निवडा. आणि उद्याच्या विमानाने कुणी येत असेल त्याच्या हाती द्या. लेकीला हवाय.' पलीकडचं हसू थांबलं, तुम्हाला सांगतो. 'पाठवतो हज्जा,' म्हणाला, एकदम घरच्यासारखा. बाईला मानलं पाहिजे!

विमानतळावर पेटी घ्यायला कोण? अर्थात मी! दारावरचा साहेब विचारतो, 'पेटीत काय?' 'पेरू.' 'आला कुठून?' 'कुवेतहून.' 'चालला कुठे?' 'तूखला.' त्याने टोपी काढली, दोन सहकाऱ्यांना हाक मारली, 'अरे या रे, हा माणूस बघून जा!' मग मी डोहाळ्यांचं सांगितलं. तसा ताडकन उभा राहिला, पेटी उघडून तपासली आणि स्वतः गाडीपर्यंत उचलून आणली. 'पळ बाबा, हात कुणी धरलेत तिचे?'

गुपचूप न्यायची, असं मी ठरवलं होतं हो! हज्जाची अब्रू होती त्यात. पण पेरू कधी गुपचूप राहिलाय? मी गल्लीत शिरलो आणि खिडक्या उघडल्या. पेरू? या दिवसांत? आणि ज्याच्या नाकात वास गेला त्याला वाटा द्यायचाच, ही आमची रीत. जिना भरला, अंगण भरलं, शेडमधले दलालही आले. हज्जाने सगळ्यांदेखत पेटी फोडली, पहिला पेरू इन्साफच्या तोंडाशी धरला. इन्साफने बियांसकट संपवला. दुसरा संपवला. तिसऱ्याला डोळे मिटले आणि खुदकन हसली. उम्म शौकी गप्प बसेल का? 'हज्जा, लेकीला पुठ्ठा बराच आवडला म्हणायचा!'

हज्जाने एक पेरू उचलला, चावला, सावकाश चघळला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'पुठ्ठा नाही. गोड आहे. आपल्यापेक्षा गोड आहे. इतकी वर्षं मी न चाखताच बोलत होते.' आणि फोडी करून वाटायला बसली! एक माणूस हसला नाही हो. दलालांनी मान खाली घालून आपापली फोड घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? बाईला मानलं पाहिजे!

मुलगी झाली. हज्जाने उजेडात धरून तिला उलटीसुलटी केली. कुठे ठिपकासुद्धा नाही! मी म्हटलं, 'हज्जा, वेळेवर पेरू आला म्हणून, नाही तर डाग उठलाच होता!' तर नातीला दुपट्यात गुंडाळत म्हणते कशी, 'डागबीग काही नसतं रे. शौकी पडला होता लहानपणी जिन्यावरून.'

'म्हणजे? मग तुम्ही फोन का केलात? एवढी मान खाली घालून?'

'लेकीने मागितला म्हणून.'

'आणि मी? मी जो रात्रंदिवस हात धरून बसलो, तो कशासाठी?'

माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, 'मोसम संपला होता, जावईबापू. तुम्हाला दुसरं काम काय होतं?'

...खरंय म्हणा. नव्हतंच.